ट्रेव्हच्या टाचेवरचा ताल

बँडवाल्याशीच लग्न करायचंय तर निदान गाणाऱ्याशी कर, असं नोलीनची आई म्हणायची. ड्रमवाल्याचं सामान उचलून उचलून बायकोची कंबर मोडते. नोलीनने ऐकलं नाही. तिचा नवरा केल दिवसा पोर्ट केंबलाच्या पोलाद कारखान्यात भट्टीवर असायचा आणि शनिवारी किनाऱ्यावरच्या एखाद्या पबमध्ये ड्रम बडवायचा.

पहिल्या बँडला सिडनीत रेकॉर्ड करायला बोलावलं, तेव्हा स्टुडिओवाल्यांनी आपलाच ड्रमर बसवला. रेकॉर्डच्या पाकिटावर फोटो केलचा, आत हात परक्याचा. दुसरा बँड गायकाच्या दारूत बुडाला. तिसरा चांगला चालला होता, पण पबवाल्यांनी स्टेज काढून तिथे जुगाराची यंत्रं मांडली. या सगळ्यांत केलबरोबर टिकला तो एकटा ट्रेव्ह, बेस गिटारवाला. गायक आले नि गेले. ही बैलजोडी मात्र एकाच जुवाखाली राहिली. चौथा बँड म्हाताऱ्यांचा, लग्नाच्या वाढदिवसांना वाजवणारा. त्यातही दोघं होतेच.

मार्चमध्ये ट्रेव्ह गेला.

बोलिंग क्लबच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी त्याच्यासाठी सगळे जमणार होते. ट्रेव्हचं लाडकं गाणं वाजवून त्याला निरोप द्यायचा, एवढं एकच केलने मनाशी धरलं होतं. त्या आठवड्यात तो दुसरं काही बोलला नाही.

पाहुणे यायच्या आधी त्यांनी एकदा वाजवून पाहिलं. बेसवर वॉरिक नावाचा उसना माणूस होता. चार ओळी झाल्या नाहीत तोच गायक लायोनेलने मागे वळून पाहिलं. गाताना गायकाने मागे वळणं म्हणजे ड्रमरच्या थोबाडीत देण्यासारखंच. पुन्हा सुरू केलं. तो पुन्हा वळला.

"काय रे केल, तिरडीमागे चाललायस का?"

"तूच पळतोयस. लक्ष सगळं सॉसेज रोलकडे!"

सगळे हसले. सँडविच कापणाऱ्या नोलीनला हसू आलं नाही. केल लायोनेलकडे बघत नव्हता, ड्रमकडेही नाही. त्याची नजर वॉरिकच्या बुटावर खिळली होती. ट्रेव्ह कायम केलच्या अगदी पुढ्यात, पाठ करून का उभा राहायचा, ते तिला आत्ता उमगलं.

सुरी ठेवून ती त्याच्याजवळ गेली. "ऐकू येत नाही तुला. कधीपासून?"

"डावा कान भट्टीपाशीच गेला," केल म्हणाला. "उजव्यात सगळं कालवल्यासारखं येतं. ट्रेव्ह टाच आपटायचा, मी बघून वाजवायचो."

"मला बोलला नाहीस."

"त्याला तरी कुठे बोललो होतो? एक दिवस आपणहून पुढ्यात येऊन उभा राहिला."

"मग वॉरिकला सांगूया ना. तोही आपटेल टाच."

"आपटतोय की." केलने डोळे पुसायला रुमाल काढला आणि नुसताच हातात धरला. "पण तो माझी वाट बघतोय, नोल, आणि मी त्याची. ट्रेव्हला मी कुठे जाणार ते आधीच ठाऊक असायचं."

त्याने रुमाल खिशात कोंबला. मग झांजांचे स्क्रू काढायला घेतले.

"लायोनेल, ड्रमशिवाय वाजवा. मनगट धरलंय माझं."

"मनगटाऐवजी तोंड धरलं असतं तर बरं झालं असतं," लायोनेल म्हणाला खरा, पण मान वर न करता.

दुपारी हॉल गच्च भरला. ट्रेव्हची बायको पहिल्या रांगेत होती. केल मागे नोलीनशेजारी बसला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. गाणं सुरू झालं. कुणी आवरणारं नव्हतं, त्यामुळे ते पुढे पुढे धावत सुटलं. इतकी वर्षं ऐकून नोलीनला एवढं नक्की कळत होतं.

"लयीत आहेत का गं?" केलने विचारलं, स्वतःच्या नकळत इतक्या मोठ्याने की पुढची माणसं वळली.

नोलीन त्याच्या उजव्या कानाशी झुकली.

"आहेत," ती म्हणाली.