जिभेखालचा सुरुंग

जिभेखाली गोळी असली की माणसाला बोलता येत नाही. ती विरघळली की मात्र तो राहिलेलं सगळं बोलून घेतो. शेवगावात डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर बाकड्यावर बसणारे आम्ही तिघे छातीचे पेशंट, त्यामुळे किस्से साठतच गेले. नव्वदच्या दशकातली ती वर्षं आम्ही काढली ती त्या बारक्या गोळीच्या जिवावर, हे आधीच सांगून टाकतो. तिचे उपकार फिटायचे नाहीत.

*

पहिला मान माझा. मी मास्तर. वर्गात छाती आवळली, फळ्यापाशी उभ्यानेच गोळी घेतली आणि अंधारी येऊन आडवा झालो.

डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, बसून घ्यायची म्हणून बजावलं होतं ना?"

"साहेब तपासणीला आले होते. त्यांच्यासमोर बसणार कसा?"

"मग आडवं झालेलं चालतं का त्यांना?"

*

इस्माईलभाई टेम्पोवाले. गालात तंबाखू आणि जिभेखाली गोळी घेऊन दवाखान्यात आले.

"भाई, तोंडात दोघं नकोत. एकाला बाहेर काढा."

भाईंनी जरा विचार केला आणि गोळी थुंकली!

डॉक्टरांनी दुसरी दिली आणि तंबाखूची पुडी स्वतःच्या खिशात टाकली. ती त्यांनी कधीच परत केली नाही. भाई त्याबद्दलही त्यांना दुवा देतात.

*

भानुदासअण्णा विहिरींचे सुरुंग उडवायचे. पहिली गोळी घेतली आणि कपाळ धरून बसले.

"डॉक्टर, ही डोकेदुखी माज्या वळखीची हाय. सुट्टीत सवय मोडून पुन्यांदा सुरुंगाच्या कांड्या हाताळल्या की हीच उठायची."

"उठणारच. कांडीतलं नायट्रोग्लिसरीन तेच या गोळीत. शरीरात त्यातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात. डोकंही त्यानेच ठणकतं. गोळीचा स्फोट मात्र होत नाही."

"म्हंजे जल्मभर मी सुरुंग लावले, आता तुमी मला लावला."

*

हे अण्णांनी घरी कौतुकाने सांगितलं आणि त्यांच्या बायकोने, कौसावहिनींनी, गोळ्यांची बाटली थेट गोठ्यातल्या कोनाड्यात नेऊन ठेवली. "तुमचा माल घरात नगं. लेकरं हायत." नवरा विहिरीवरून परत येईपर्यंत त्या बाईचा घास उतरत नसे, तिला काय सांगणार? डॉक्टर स्वतः जाऊन समजावून आले की दुखायला लागलं तर अण्णांना गोठा गाठता येणार नाही. वहिनींनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि डॉक्टरांची पाठ वळताच बाटली पुन्हा गोठ्यात. आम्हाला घोर लागून राहिला.

*

एका दुपारी अण्णांकडे गेलो तर सून आणि नातवंडं रस्त्यापलीकडे बाभळीखाली उभी.

"मामांच्या छातीत लई दुखाया लागलं," सून म्हणाली. "आत्याबाईंनी गोठ्यातनं पळत गोळी आनली, त्यांच्या जिभेखाली ठिवली न् आमाला भाईर काढलं."

मी आत धावलो. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. घामाने भिजलेले, पण चेहऱ्यावर रंग परतत होता. वहिनी त्यांना दोन्ही हातांनी कवटाळून, डोळे घट्ट मिटून बसल्या होत्या.

"वहिनी, सगळ्यांना बाहेर काढलंत, मग तुम्ही?"

डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "हळू बोला गुरुजी. आजून इरघळली न्हाई."