फुकटातलं ग्लासगो

कामाच्या व्हिसावर आलेल्या एक ताई दर शनिवारी दोन पोरांना घेऊन ग्लासगो पालथं घालायच्या, तेही फुकटात. म्युझियम, बाग, नदीकाठ. बसला हात करायचा नाही, कॅफेकडे बघायचं नाही. केअर होममधल्या, म्हणजे वृद्धाश्रमातल्या, शिफ्टमधून उरलेला हा एकच दिवस. "चला, पाय मोकळे करू," म्हणत पोरांना चार मैल चालवायच्या आणि म्युझियमबाहेरच्या बाकावर डबा उघडायच्या. बोलायच्या हळू, आधी मागे वळून बघून.

मी त्याच म्युझियमच्या दारात व्हिसाच्या जाचक अटींविरुद्ध पत्रकं वाटते, निवेदनावर सह्या घेते. त्या पत्रक घ्यायच्या, सही कधीच करायच्या नाहीत.

शाळेच्या सुट्टीत शेजारच्या चर्चने मुलांना मोफत जेवण ठेवलं. मी वाढायला होते. धाकटीने ताट उचललं, ताईंनी ते काढून परत टेबलावर ठेवलं.

"अगं," त्या मला म्हणाल्या, "व्हिसावर लिहिलंय ना, पब्लिक फंड्स, सरकारी मदत चालणार नाही. फुकट म्हणजे तेच."

माझं डोकं सणकलं. "अहो ताई, हे सरकारी नाही, चर्चचं आहे! याने व्हिसा जात नाही!" मी भर हॉलमध्ये ओरडले. सगळे वळून त्यांच्याकडे बघायला लागले.

"तुझा जन्म इथला," त्या पुटपुटल्या. "तू ओरड."

पोरं उपाशीच गेली.

माझं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, आजही आहे. पण त्या आता म्युझियमला येत नाहीत. परवा समोरून येताना दिसल्या. मला बघताच त्यांनी मुलांचे हात घट्ट धरले आणि रस्ता ओलांडला.