मोठ्या बाबाला म्हण

शारदा माझ्याशी कधी थेट बोलली नाही. ती धाकट्या भावाची बायको, मी तिचा भाया. आमच्या घरात सुनेनं भायाशी बोलायचं नसतं. पण तिनं वाट काढली होती. मला सांगायचं ते ती कडेवरच्या दहा महिन्यांच्या सोन्याला सांगायची. "सोन्या, मोठ्या बाबाला म्हण, चहा निवायलाय." "सोन्या, मोठ्या बाबाला म्हण, शर्ट उलटा घातलाय, शाळंतली पोरं हसतील." अन् पदराआड स्वतःच हसायची.

भाऊ पुण्याला कंपनीत होता, माझी बायको माहेरी. सोन्याला ताप आला, श्वास घेताना पोट उडायला लागलं. आमच्याकडे याला डबा म्हणतात. मायनं बिब्बा तापवून त्याच्या पोटावर डाग दिले. बिब्बा घातलेलं लेकरू तीन दिवस उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, हा तिचा कायदा.

त्या संध्याकाळी मी मोटारसायकल लावत होतो. शारदा ओसरीत आली. "सोन्या, मोठ्या बाबाला म्हण, जिंतूरला दवाखान्यात न्या."

आतून माय कडाडली, "मी काय मेले का गं? माझी पाच लेकरं कुण्या डॉक्टरनं वाढवली व्हय?"

मी पेपर उघडला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "सोन्या, सांग की रे, दूध बी वढंना म्हणून. गाडी तर दारातच हाय."

ती मला कुठं बोलली होती? मग मी उत्तर का द्यायचं? रिवाजाची मला केवढी सोय झाली होती, याची आज लिहितानाही चीड येते. वर्गात आरोग्याचा धडा घसा फोडून शिकवणारा मी मास्तर, मायपुढं तोंड उघडलं नाही.

तिसऱ्या सकाळी सोन्याचे ओठ निळे पडले. माय घाबरली, तेव्हा मी गाडी काढली. जिंतूरला डॉक्टर खवळले, "इतके दिवस काय करत होतात?"

"पोराच्या आईनं सांगितलंच नाही, साहेब," मी म्हणालो.

ते शारदाकडं वळले. "कसली आई हो तुम्ही!"

भायाला त्याच्या तोंडावर खोटं पाडणं तिला रिवाजानं शक्य नव्हतं. तिनं पदर आणखी खाली ओढला. दुपारी सोन्या गेला.

आता तिला मुलगी आहे. पोरीचं अंग जरा गरम लागलं, की शारदा पिशवी उचलून एसटीसाठी फाट्यावर जाते. माय टोमणा मारते, "इचारायची रीत हाय का न्हाई?" ती चप्पल घालता घालता म्हणते, "इचारून बघितलं, आत्याबाई."

गाव म्हणतं, एक लेकरू हलगर्जीनं घालवलं, म्हणून आता पळती. भाऊही तेच म्हणतो. परवा दिवाळीला जेवताना त्यानं ते पुन्हा उकरून काढलं अन् मला विचारलं, "दादा, तू घरीच होतास. ही काही बोलली होती का?"

वाढता वाढता शारदा थांबली. मी ताटात बघून "नाही" म्हणालो. तिनं माझ्या ताटात गरम भाकरी वाढली अन् आत गेली.

हा कागद आधी भावाला देणार आहे. तिनं दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा मी ऐकलं होतं.