‘का’ नाही, ‘कुठं’

१४ नोव्हेंबर २००८, शुक्रवार, मस्कत. आठवड्याच्या सहा युनिफॉर्मना इस्त्री करायला बसले होते. चार झाले, दोन तसेच पडलेत. इस्त्री बंद करून हे लिहायला घेतलं आहे.

मुरबाडच्या स्टँडवरून मी निघाले ते १९९२ साली, नर्सिंगच्या ट्रेनिंगसाठी, नाशिकला. एक पत्र्याची पेटी, एक पिशवी. आई पहाटे उठून आमच्या गावाहून मुरबाडपर्यंत आली होती. ती एवढंच म्हणाली, “नीट राहा गो. काय लागलं तर कळव.” दुसऱ्या बाजूला शिष्टर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “रडायचं असेल तर आत बसून रड. जागा गेली तर नाशिकपर्यंत उभी राहशील.” मी आत जाऊन खिडकी धरली. रडायचं राहून गेलं, ते राहूनच गेलं.

शिष्टर म्हणजे आमच्याकडच्या उपकेंद्राच्या नर्सबाई. नाव कुणी घेत नसे. त्या सांगलीकडच्या, बदली होऊन आमच्याकडे आलेल्या, एकट्या. दहावी होऊन मी दोन वर्षं घरी बसले होते. त्यांना लशींची पेटी उचलायला कुणी हवं होतं, म्हणून त्यांनी मला घेतलं. आठवड्यातून तीन दिवस आम्ही डोंगराकडच्या वाड्यांवर चालत जायचो.

एकदा एका वाडीवर एक गरोदर बाई भिंतीला टेकून बसली होती. शिष्टर दुसऱ्या घरात होत्या, म्हणून मला म्हणाल्या, तिची चौकशी करून ये. मी विचारलं, “दुखतं का गो काय?” ती म्हणाली, “नाय.” मी वहीत ‘त्रास नाही’ असं लिहून मोकळी झाले. शिष्टरनी वही पाहिली.

“तू काय विचारलंस तिला?”

“दुखतं का.”

“मग ‘नाय’च येणार की गं. ‘का’ विचारलं की इकडच्या बाया ‘नाय’ म्हणतात. जेवलीस का, नाय. दमलीस का, नाय. उद्या विचारशील मेलीस का, तर त्यालाही नाय. जा, ‘कुठं दुखतं’ विचार.”

मी परत गेले. दारात तिची सासू सूप घेऊन बसली होती. “शिष्टरनं पोपट पाळलाय,” ती म्हणाली, “एकदा विचारून झालं तरी परत आला.” मी खाली बसून विचारलं, “कुठं दुखतं?” त्या बाईने सासूकडे पाहिलं, मग माझा हात धरून बरगडीखाली ठेवला. पाय सुजलेले होते, डोकंही चार दिवस दुखत होतं. दुपारी जीप मिळवून तिला मुरबाडला नेलं. ती वाचली, मूलही वाचलं. सासू पुढच्या खेपेला मला म्हणाली, “ये गो पोपटा, बस.”

मी नर्स झाले ती त्या दिवशी. नाशिकला त्याचा कागद मिळाला एवढंच.

१९९८ साली इथे आले. वॉर्डात केरळच्या मुली आहेत, फिलिपिन्सच्या आहेत. इंग्रजी, हिंदी, थोडी अरबी, सगळं जमतं. पेशंटला मी कधी ‘पेन आहे का’ विचारत नाही, ‘कुठे’ विचारते. मेट्रन नवीन मुलींना माझ्या हाताखाली देते. ड्यूटी संपवून खोलीवर आले तरी मराठीचा मात्र एक शब्द तोंडातून निघत नाही. बाहेर पडलेल्यांना हे माहीत आहे. गावात राहिलेल्यांना वाटतं आम्ही मजेत आहोत. आम्हीच तसं सांगतो.

आईला मी दर शुक्रवारी शेजारच्यांच्या फोनवर फोन करायचे. “बरी आहेस ना?” “हां, बरी हाय.” पाच वर्षं हेच चाललं. २००३ मध्ये भावाने कळवलं तेव्हा तिच्या गर्भपिशवीचा आजार फार पुढे गेला होता. मी पोचले ती दहाव्याला. शिष्टर आल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, “काय विचारत होतीस तिला फोनवर?” मी सांगितलं. त्या उठून आत भांडी घासायला गेल्या. मला झाडलं असतं तर बरं झालं असतं.

भावाच्या घरी आता माझं काही नाही. शिष्टर रिटायर होऊन शहापूरला एका खोलीत राहतात, आणि माझ्यासाठी गाव म्हणजे तिथला एक फोन नंबर आहे. आज सकाळी तो लावला. “बऱ्या आहात ना?” “बरी आहे. तू कशी?” दोन मिनिटांत फोन संपला. एरवी शिष्टर पहिली पाच मिनिटं मला झाडतात: वजन वाढलं असेल, केस काळे करू नकोस, पत्र का नाही. आज काहीच नाही. चौथ्या युनिफॉर्मची कॉलर करताना ते लक्षात आलं. परत फोन लावला.

“शिष्टर, कुठं दुखतं?”

“डाव्या बाजूला. गाठ आहे छातीत. उन्हाळ्यापासून.”

“कुणाला दाखवलंत?”

“कुणाला दाखवू? जन्मभर सगळे मलाच दाखवायला यायचे.”

“मी येते.”

“काही नको. तिथं तुझे पेशंट आहेत.”

फोन त्यांनी ठेवला. मग मी रजेचा फॉर्म काढला. तातडीची रजा फक्त जवळच्या नातेवाइकासाठी मिळते. नात्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मग मी ‘सिस्टर’ लिहिलं.

शनिवार. सकाळी साडेसहाला मेट्रनच्या टेबलावर फॉर्म ठेवला. तिने विचारलं, “एल्डर?” मी हो म्हटलं. दोन आठवडे मिळाले. कॉरिडॉरमधल्या फोनवरून शहापूरला फोन केला आणि येऊ का म्हणून विचारलं नाही. मंगळवारी दुपारी पोचते, बुधवारी आपण ठाण्याला तपासायला जायचं आहे, जुने रिपोर्ट काही असतील ते काढून ठेवा, एवढं सांगितलं.

पलीकडे भांडं वाजलं. मग शिष्टर म्हणाल्या, “मंगळवारी भाकरी खाशील, का तुम्हा इकडच्या लोकांना भातच लागतो?”

“भात,” मी म्हटलं, आणि ड्यूटीवर गेले.