सव्वादोनचा हात

बाईचा हात नुसता दाबून तिचं माप आणि तिचा स्वभाव दोन्ही सांगणारं माणूस राळेगावात एकच, आमच्या शाळेमागची बांगडीवाली मावशी. आणि या मावशीला स्वतःच्याच हाताचा पत्ता नसतो. हे मी तिच्या पाठीमागे बोलत नाहीये, तीच सगळ्यांना सांगते. मी इथे बदलून आले तेव्हा पहिल्याच भेटीत, चार बायकांसमोर तिने माझा निकाल लावला होता, "सव्वादोन. अन् राग नाकावर." बांगड्या भरताना कुणी बोललेलं तिला खपायचं नाही. लेकीच्या सासरचं गाऱ्हाणं घेऊन बसलेल्या एका बाईला तिने अर्ध्यावर थांबवलं, "तोंड बंद ठेवा जराक, मले हाताचं ऐकू द्या."

मग तिची बोटं बधिर होऊ लागली. खापर आधी साखरेवर फुटलं, मग मानेवर, मग कुणाच्या तरी करणीवर. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी एमआरआय काढून मल्टिपल स्क्लेरोसिस असं नाव सांगितलं. यात नसांवरचं आवरण खराब होतं म्हणे. मावशीने ते गल्लीला सोपं करून सांगितलं, "वायरीचं प्लास्टिक उंदरानं कुरतडलं ना, तसं. जिथं करंट पायजे तिथं नाई, अन् नाई पायजे तिथं भडका." भडका पोटऱ्यांत. बोटाला सुई टोचली तरी कळत नाही, पण साडीची किनार पायाला घासली की आग होते. म्हणून ती साडी वीतभर वर खोचते आणि बघणाऱ्यांकडे ढुंकून बघत नाही. पायातून चप्पल निसटलेलीही तिला कळत नाही. एकदा आठवडी बाजारातून एकाच चपलेवर घरी आली आणि दुसरी चोरीला गेली म्हणून तिने बोभाटा केला. चप्पल भाजीवाल्याच्या पालापाशी निवांत पडली होती. उकाड्यात हे सगळं बळावतं, म्हणून मे महिन्यातल्या लग्नात ती थेट कूलरसमोर बसते आणि वरबाप आला तरी उठत नाही. कसं आहे विचारलं की उत्तर ठरलेलं, "मस्त. पाय होळी खेळून राह्यले."

एका नवरीला चुडा भरताना मात्र घोळ झाला. एक बांगडी मावशीच्या बोटांतच वाढली, काच तिच्या बोटात घुसली आणि तिला कळलंच नाही. ती भरत राहिली. नवरीचं मनगट लाल झालेलं बघून तिच्या आईने मांडव डोक्यावर घेतला. हात धुतल्यावर दिसलं, नवरीला ओरखडासुद्धा नव्हता, रक्त मावशीचं होतं. पण बोलायचं ते बोलून झालं होतं. मावशीने बांगड्यांची पेटी कॉटखाली सारली आणि दोन महिने काढली नाही. बांगड्या भरण्याशिवाय तिला दुसरं काही आवडत नव्हतं, येतही नव्हतं.

मी काही फार दयाळू बाई नाही. पण संक्रांत आली होती आणि दुसरीकडे भरून घ्यायला माझं मन होईना. मी जाऊन हात पुढे केला.

"कायले जीव धोक्यात घालता, मॅडम?"

"मनगट माझं आहे. भरा."

तिने पेटी ओढली, पण अट घातली. प्रत्येक बांगडीला ती विचारणार, दुखते का? मी खरं सांगायचं. तिसरी बांगडी अंगठ्याच्या हाडावर अडली, चांगलंच दुखलं, आणि मी भिडेपोटी नाही म्हणाले. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिन्ही बांगड्या उतरवल्या.

"आता माही बोटं म्हणजे तुमचं तोंड. थेच खोटं बोललं तं मी काय करू?"

पुन्हा सुरू केलं. दुखलं तिथे दुखलं म्हणाले, तिने तिथे हात वळवला. डझनभर भरल्या, एकही वाढली नाही. तेव्हापासून दुकान सुरू आहे. जिला शब्द खपत नव्हता तिच्या ओट्यावर आता बायका मोठ्याने 'दुखलं' म्हणायला शिकल्यात.

परवा दुपारी गेले तर पाय पाटावर ठेवून ती भिंतीला टेकली होती. मी विचारलं, "दुखते का?"

"मस्त. पाय होळी..."

"खरं सांगा, मावशी. नाहीतर मी हात देणार नाही."

तिने पेटी बाजूला सारली. "हाव," म्हणाली, "लय दुखते, मॅडम."

मी तिचा हात हातात घेतला. तिला ते कळलं नाही. थोड्या वेळाने तिची नजर खाली गेली, तेव्हा कळलं. तिने हात तसाच राहू दिला.