एक जळला, चार बदलले

अन्याय झाला तो आमच्या नाक्यावरच्या ॲम्पवाल्या चाचांवर. कधी, तेही सांगते. गेल्या उन्हाळ्यात, एका शुक्रवारी, जुम्याची नमाज आटोपून माणसं बाजारात पांगत होती तेव्हा, दुपारी दोन वाजता, त्यांच्याच दुकानासमोर. केला मी. पत्रकात आरोपीचं नाव लपवायचं नसतं असं मीच समितीतल्या पोरांना शिकवते, म्हणून ते आधीच टाकलं.

आता चाचांबद्दल. अख्ख्या भिवंडीत त्यांच्याइतका संशयी माणूस शोधून मिळायचा नाही, आणि हे मी कौतुकाने म्हणते. गाडीत सीटखाली तो आवाज वाढवणारा पत्र्याचा डबा असतो ना, ॲम्प्लिफायर, ते दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पण बाजारातून आलेल्या एकाही ट्रान्झिस्टरवर, म्हणजे डब्यातल्या आवाजाला जोर देणाऱ्या त्या तीन पायांच्या काळ्या तुकड्यावर, त्यांचा काडीचा विश्वास नाही. नवा माल आला की ते तो आधी भिंगाखाली धरतात, मग उन्हात धरतात, मग कापसाच्या बोळ्यावर थिनर घेऊन त्याच्या पाठीवरचा नंबर असा चोळतात की पोलिसांनीही कुणाला एवढं चोळलं नसेल. नंबर पुसला गेला तर माल बोगस, कुणीतरी हलक्या मालावर भारी नंबर छापलाय. नंबर टिकला तरी सुटका नाही. प्रत्येक पाकिटातला एक ते हातोडीने फोडतात आणि आतली चिप केवढी आहे ते बघतात. चांगला निघाला तर तो बिचारा फुकट गेला ना, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "त्याने बाकीच्यांची गवाही दिली, बाय. फुकट कसा गेला?"

एवढ्या चौकशीतून जे वाचतात त्यांची मग सोयरीक सुरू होते. चाचा एकेकाला मीटरला लावून त्याची ताकद बघतात आणि सारख्या ताकदीचे चार-चार मिठाईच्या खोक्यात शेजारी शेजारी बसवतात. जमेना तर जमेना. एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे, एकाच पाकिटातून निघालेले दोघे त्यांनी वेगळे ठेवलेले मी पाहिलेत, कारण एकाचा स्वभाव तापट होता. गिऱ्हाईक स्टुलावर बसून घड्याळ बघतं, चाचा चहा सांगतात, आणि चहा संपला तरी चौथा भाऊ सापडलेला नसतो.

एकदा मानकोलीचा एक तरुण आला. जमीन गोदामाला गेल्यावर घरात आलेली नवी कोरी गाडी, काळ्या काचा, मागे अख्खी डिकी स्पीकरने भरलेली. जळलाय तो काढा आणि याच्या डबल नंबरचा टाका, त्याचं म्हणणं, गाव हललं पाहिजे. चाचांनी त्याला बसवलं आणि अर्धा तास समजावलं की मोठा ट्रान्झिस्टर उघडायलाही मोठा जोर लागतो आणि त्याच्या डब्यात तेवढा जोर नाही. "दरवाजा मोठा बसवशील, पन उघडनारा तोच लुकडा हाय. त्याचा दम जाईल, दरवाजा अर्धाच उघडंल, नि तिथंच आग लागंल." तरुण म्हणाला, गाव हललं पाहिजे. चाचांनी डबा त्याच्या हातात परत दिला आणि नमस्कार केला. आठ दिवसांनी तो कुठूनतरी मोठा नंबर बसवून, जळालेला डबा आजारी बकरीसारखा पोटाशी धरून पुन्हा त्याच स्टुलावर. चाचांनी पुन्हा चहा सांगितला. 'मी सांगितलं होतं' एवढे तीन शब्द त्यांच्या तोंडून आले नाहीत. मी असते तर पत्रक काढलं असतं.

पत्रक काढायचंच माझं काम. गोदामांचे कंटेनर आमच्या अंजूर गावातून, शाळेच्या दारावरून जातात, त्याविरुद्ध आमची समिती लढते. आमच्याकडे दोन रिक्षा, दोन्हींवर कर्णे आणि सीटखाली गाडीचे ॲम्प. त्यातला एक ॲम्प मेला तेव्हा मी चाचांकडे गेले. त्यांनी माझ्यासमोर झाकण उघडलं. आत एका ओळीत चार ट्रान्झिस्टर, एकाचं अंग फुटलेलं. "यकच जलला हाय," ते स्वतःच म्हणाले. मी म्हटलं, मग एकच टाका चाचा, रविवारी सभा आहे. ते हसले आणि थिनरची बाटली काढली.

तीन दिवस लागले. किती पाकिटं त्यांनी नापास केली देव जाणे. दुसरी रिक्षा त्या रविवारी दुसऱ्या गावी गेलेली, म्हणून सभा आम्ही घसा फोडून घेतली. सोमवारी ॲम्प मिळाला आणि त्यासोबत वर्तमानपत्रात गुंडाळलेले जुने चार ट्रान्झिस्टर. ही चाचांची पद्धत आहे: तुमच्या डब्यातून जे काढलं ते तुमच्या हातात परत, म्हणजे कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्याने ठेवून घेतलं. मी ती पुडी घेऊन बाजाराच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानात गेले. तिथल्या माणसाने चारही मीटरला लावले. एक मेलेला, तीन जिवंत.

तुम्हाला माहीत नसेल, पण पुरावा हातात आला की आमच्यासारख्यांना भूक लागत नाही. ग्राहकांच्या फसवणुकीवर आमचं एक पत्रक तयारच होतं, त्यात मी चौकट टाकली: 'एक जळला, चार बदलले! तीन चांगले भाग कुणाच्या घशात?' नाव टाकलं नव्हतं, नुसतं 'नाक्यावरचा एक ॲम्पवाला'. नाक्यावर ॲम्पवाला आहेच एक. आणि ते तीन चांगले भाग त्या वेळी माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होते. ते ज्याने मोजून माझ्या हातात दिले, त्याच्या घशाची मी चौकशी करत होते.

शुक्रवारी दोन वाजता रिक्षा त्यांच्या दुकानासमोर लावली आणि तो मजकूर माईकवर वाचला. त्यांनीच दुरुस्त केलेल्या ॲम्पवर. आवाज असा घंटेसारखा गेला की पलीकडच्या गल्लीतले कापडाचे लूम खडखडत असतानाही लोक बाहेर आले. चाचाही आले. मान एका बाजूला कलती करून, डोळे मिटून त्यांनी पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत ऐकलं. मग रिक्षाजवळ आले. मी भांडणाची तयारी केली, दुसरं वाक्य तोंडात धरून ठेवलं.

"आवाज साफ हाय, बाय," ते म्हणाले. "डावा कर्णा जरा तडतडतंय. त्याचा स्क्रू बघ."

आणि आत गेले. समितीच्या बैठकीत मी सांगितलं की आरोपीकडे उत्तर नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवू दिल्या.

महिनाभराने दुसऱ्या रिक्षाचा ॲम्प गेला. तो मी मीटरवाल्या त्या दुसऱ्या दुकानात दिला आणि ठणकावून सांगितलं, जळलाय तेवढाच बदलायचा. त्याने तेवढाच बदलला, अर्ध्या तासात. राहनाळच्या सभेत मी 'प्रशासनाला जाब' इथपर्यंत पोचले होते, तेवढ्यात रिक्षातून धूर निघाला. पुढच्या ओळीतल्या आजी उठून मागे जाऊन बसल्या. डबा उघडला तर चारही फुटलेले, नवा धरून. दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, ताई, तुम्हीच म्हणालात एकच टाक.

तो डबा घेऊन मी कुठे गेले हे सांगायला नको. चाचांनी तो उघडला आणि फुटलेले चारही एकेक करून भिंगाखाली बघितले. मग रस्त्याकडे बोट केलं. समोर एका कारखान्याच्या दारात सुताचा बीम उतरत होता. चार माणसं, चौघांच्या खांद्यावर तो लांबलचक लोखंडी रूळ.

"त्यातला यक पडला तर काय होईल?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, वजन तिघांवर येईल.

"आलं. ते तिघं उभेच ऱ्हातील, पन त्यांची कंबर गेली. आता तिथं यक ताजा गडी आनून लावलास, तर सगला भार तोच घेईल नि तोच पयला पडंल. मीटर सांगतंय जित्ता हाय. किती थकलाय, ते मीटर न्हाय सांगत." मग हलकेच म्हणाले, "म्हनून चारी बदलायचे. यका घरातले, यका ताकदीचे."

एवढं सोपं होतं. मी विचारलं असतं तर त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं असतं, चहा पाजून सांगितलं असतं. आयुष्यात मी शेकडो प्रश्न छापले, पण ज्याच्याकडून उत्तर मिळेल अशा माणसाला समोर बसून विचारलेला एकही आठवेना.

मी म्हटलं, चाचा, मी रिक्षा आणते, उद्या इथेच उभी राहून माईकवर माफी मागते. त्यांनी मान हलवली. "नको. लोक म्हनतील, म्हाताऱ्याने पोरीला आपल्या बाजूला वळवली. खोटं कर्ण्यावरून लवकर जातंय, खरं न्हाय जात." वाद घालायला मी तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते मिटलं. माझा डबा त्यांनी ठेवून घेतला आणि चार दिवसांनी दिला. अजून चालतोय.

परवा पुन्हा गेले होते. अर्धं दुकान आता त्यांच्या पुतण्याने घेतलंय, तिथे मोबाइलची कव्हरं टांगली आहेत. ॲम्प येतच नाहीत, तो म्हणाला, माझ्याकडे न बघता. दिवाळीनंतर उरलेलं अर्धंही घेईन म्हणाला. चाचा चष्मा कपाळावर चढवून एका बाईंच्या फोनचं मॉडेल वाचायचा प्रयत्न करत होते आणि त्यांना ते लागत नव्हतं. मला बघून उठले, स्टूल पुसलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बसता आलं असतं.

आता तुमच्याकडे येते. त्या शुक्रवारी तुम्ही बाजारात होतात. नसाल, तर चौकट वाचली असेल, आणि घरी जाऊन कुणाला तरी सांगितलं असेल: मेव्हण्याला, शिफ्टमधल्या सोबत्याला, रिक्षात शेजारी बसलेल्या माणसाला. तो प्रत्येक माणूस मला सापडणार नाही, तुम्हाला सापडेल. हे पुस्तक खाली ठेवा, त्याच्याकडे जा, समोर बसा आणि साध्या आवाजात सांगा की नाक्यावरच्या चाचांनी चारही बदलले ते बरोबर केलं, खोटं बोलली ती पोरगी. दिवाळीच्या आत सांगा.