काचेतला हाली रुपया

नांदेडच्या आमच्या नाण्यांच्या म्युझियमच्या दारावर मी बसतो. लोक विचारतात, "मामा, कंटाळा येत नाही का?" नाही येत. देशाचा जुना पैसा बघायला आलेला माणूस काहीतरी बोलतोच. मी ऐकतो. हसत नाही. म्हणून आत साठून राहतं.

तिकीट दहा रुपये. भोकरच्या एका पाटलांनी खिडकीत दहाचं नाणं ठेवलं. तिकीटवाला म्हणाला, "काका, हे चालत न्हाई. नोट द्या."

"सरकारनं बंद केलं का?"

"न्हाई. पण हितं कुणी घेत न्हाई."

पाटलांनी नाणं उचललं, माझ्या हातात दिलं. "घ्या मामा. आत काचेत ठेवा!"

लातूरचं एक जोडपं आलं. बंद झालेल्या हजाराच्या नोटेसमोर बाई थांबल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "बघा, सरकारची बी एक राहिलीच की डब्यात. आन् तुम्ही मलाच ओरडलात!"

एकदा चोरी झाली. मी रजेवर होतो, हे आधीच सांगतो. सकाळी बघतात तर कुलूप तुटलेलं, नाणी जागच्या जागी आणि संडासाच्या पितळी तोट्या गायब! म्युझियमच्या साहेबांच्या मनाला फार लागलं. पुण्याहून नवेच बदलून आले होते. पंचनाम्याला आलेला हवालदार म्हणाला, "नाराज होऊ नका साहेब. चोराला चालू भाव कळतो!"

आता विष्णुपुरीच्या गयाबाईंचं सांगतो. निजामाच्या वेळच्या रुपयाला आमच्याकडे हाली म्हणतात. तसा एक त्यांच्या सासूबाईंपासून देव्हाऱ्यात होता. दर लक्ष्मीपूजनाला तोच ताटात. आधीच्या साहेबांनी गोड बोलून तो म्युझियमसाठी मागितला. बाई म्हणाल्या, "देते. पण दिवाळीला माझी लक्ष्मी घरी आली पायजे." साहेब "हाव, हाव" म्हणाले आणि बदली होऊन गेले.

दिवाळी जवळ आली तशा बाई आल्या. नवे साहेब म्हणाले, "तोंडी काही चालत नाही. वस्तू आता शासनाची."

"मग शासनाच्या घरी दिवाळी असती का न्हाई?"

साहेबांनी फाइल उघडली.

लक्ष्मीपूजनाला म्युझियम बंद होतं. पहाऱ्याला मी एकटा. संध्याकाळी बाई ताट घेऊन दारात उभ्या. लाह्या, बत्तासे, झेंडू.

मी स्पष्ट सांगितलं, "काच उघडणार नाही."

"कोन म्हनलं उघडा? लक्ष्मी येईना, तर मीच आले."

काच उघडायला मनाई होती. दार उघडायला नव्हती. उघडलं. बाईंनी काचेसमोर रांगोळी घातली, काचेलाच हळदकुंकू लावलं.

साहेबांना रजा मिळाली नव्हती. दिवाळीला इथंच खोलीवर एकटे होते. मोबाइलवर त्यांना म्युझियमचा कॅमेरा दिसतो. धावतच आले. "हे म्युझियम आहे की देऊळ?"

बाईंनी मान वळवली नाही. "आधी बूट काढा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. बूट निघाले. मग साहेब खाली बसले, खिशातून पाकीट काढलं आणि हळूच ताटाशेजारी सरकवलं.

"मावशी, जरा यालाही लावा."